नऊ काउंट्यांचा चषक : अल्स्टर परिषदेची वाटचाल

आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात गेलिक फुटबॉलच्या विजेत्या काउंटीला अँग्लो-सेल्ट चषक दिला जातो. २०२५ साली या चषकाला शंभर वर्षे पूर्ण झाली. ही स्पर्धा भरवणारी अल्स्टर प्रांतिक परिषद त्याहून जुनी, १९०३ सालची आहे. शताब्दीच्या निमित्ताने परिषदेच्या वाटचालीचा हा आढावा. ती वाटचाल ज्यांच्या कष्टांवर झाली त्या हजारो कार्यकर्त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत.

मराठी वाचकांसाठी खेळाची थोडी ओळख आवश्यक आहे. गेलिक फुटबॉल हाताने आणि पायाने, दोन्ही प्रकारे खेळतात. एका संघात पंधरा खेळाडू असतात. गोलखांबांची वरची टोके आडव्या दांडीच्या वर उंच गेलेली असतात. चेंडू दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण (२०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारल्यास दोन). धावसंख्येत दोन्ही वेगळे लिहितात : २-११ म्हणजे दोन गोल आणि अकरा गुण. खेळाडूंना वेतन नसते. रविवारी ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला मुलगा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा गवंडीकामाला जातो. तो खेळतो आपल्या गावच्या क्लबकडून आणि त्या क्लबच्या काउंटीकडून. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पैसे मोजून दुसऱ्या काउंटीचा खेळाडू आणता येत नाही. त्यामुळे त्रेसष्ट-चौसष्ट हजार लोकवस्तीच्या फर्मानाघला त्या त्रेसष्ट-चौसष्ट हजारांतूनच पंधरा जण उभे करावे लागतात.

अशा खेळात फक्त राष्ट्रीय विजेतेपदच मोजायचे ठरवले, तर बत्तीसपैकी निम्म्याहून अधिक काउंट्यांना आयुष्यभर जिंकण्यासारखे काहीच उरणार नाही. प्रांतिक अजिंक्यपदाने ही उणीव भरून काढली. शेजाऱ्याला हरवण्याचा आनंद, जवळचे मैदान, घरटी एक माणूस तरी सामन्याला जाईल एवढे अंतर आणि जिंकल्यावर गावोगाव मिरवता येईल असा चषक, हे सारे त्याने दिले. अल्स्टरमध्ये त्याने आणखीही एक मोठे काम केले. ते पुढे ओघाने येईलच.

१८८४ ते १९०० : आरंभीची धडपड

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्ल्स गावी, हेज हॉटेलात जमलेल्या मोजक्या मंडळींनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन हे त्यांतले प्रमुख. १८८७ ची पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा सरळ सोडतीने झाली. प्रांत ही पायरी तिच्यात नव्हती. काउंटीचा विजेता क्लबच तेव्हा काउंटीचे प्रतिनिधित्व करी. ती स्पर्धा लिमरिकच्या कमर्शियल्स क्लबने जिंकली, आणि १८८७ चा तो अंतिम सामना खेळला गेला १८८८ च्या एप्रिल अखेरीस. दूरदूरच्या संघांना एकत्र आणणे किती जिकिरीचे होते, हे या एका गोष्टीवरून कळते.

पुढच्याच वर्षापासून आधी प्रांतात विजेता ठरवायचा आणि मग प्रांतविजेत्यांनी एकमेकांशी खेळायचे, अशी रचना झाली. प्रवास आणि खर्च दोन्ही आटोक्यात आले. १८८८ मध्ये अल्स्टरचे पहिले विजेतेपद मोनाहन काउंटीच्या इनिस्कीन क्लबने मिळवले.

पण रोपटे लावले तरी माती तयार नव्हती. १८९० नंतर राष्ट्रवादी नेते पार्नेल यांच्या नेतृत्वावरून आयरिश राजकारणात फूट पडली आणि तिची झळ खेळाच्या संघटनेलाही लागली. अल्स्टरमध्ये तर त्या दशकात बहुतेक वर्षे स्पर्धा झालीच नाही. कोण कोणाच्या बाजूला होते याच्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. क्लब जवळजवळ नामशेष झालेले असतानाही काही गावांत चेंडू खेळत राहिला आणि पुढच्या पिढीने तिथूनच सुरुवात केली, एवढे नमूद केले म्हणजे पुरे.

१९०० चे दशक : परिषदेची स्थापना

नव्या शतकाच्या पहिल्या चार वर्षांत चारही प्रांतांच्या परिषदा अस्तित्वात आल्या : १९०० मध्ये लीन्स्टर, १९०१ मध्ये मन्स्टर, १९०२ मध्ये कॉनॉट आणि १९०३ मध्ये अल्स्टर. अल्स्टर परिषदेची स्थापना आर्मा शहरात झाली. वेळापत्रक ठरवणे, पंच नेमणे, तक्रारींचा निवाडा करणे आणि तिकिटांचा हिशेब ठेवणे ही कामे आता डब्लिनकडे न पाहता प्रांतात होऊ लागली. तिकिटांच्या पैशांतून पुढे मैदाने उभी राहिली. शिक्षक, धर्मगुरू, दुकानदार, रेल्वेतले कारकून आणि शेतकरी यांनी आपापली कामे सांभाळून ही जबाबदारी उचलली.

परिणाम लवकरच दिसला. बेलफास्टच्या कामगारवस्त्यांचे बळ पाठीशी असलेल्या अँट्रिमने १९०८ ते १९१३ अशी सलग सहा वर्षे प्रांत जिंकला आणि १९११ व १९१२ मध्ये अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली.

१९१० आणि १९२० ची दशके : सरहद्द आली, स्पर्धा राहिली

१९१८ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश प्रशासनाने सामन्यांसाठी परवाना सक्तीचा केला. कॅव्हन काउंटीतील कूटहिल येथे होणारा कॅव्हन विरुद्ध आर्मा हा अल्स्टरचा उपांत्य सामना बंदुकांच्या धाकाने रोखण्यात आला. संघटनेचे उत्तर शांत आणि ठाम होते. ४ ऑगस्ट १९१८ रोजी, रविवारी, एकाच वेळी देशभर गावोगावी परवान्याशिवाय सामने झाले. इतक्या मैदानांवर एकदम पोचणे कोणत्याही पोलीसदलाला शक्य नव्हते.

नंतरची वर्षे फार कठीण गेली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर सामना चालू असताना सरकारी दलांनी गोळीबार केला. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन मैदानातच मारला गेला. त्याचा भाऊ डॅन होगन मोनाहनकडून खेळत असे. १९२२ च्या जानेवारीत लांबणीवर पडलेला अल्स्टरचा अंतिम सामना खेळण्यासाठी मोनाहनचे खेळाडू डेरीला निघाले होते. टायरोन काउंटीतील ड्रोमोर येथे डॅन होगनसह अनेकांना अटक झाली. हे खेळाडू स्वातंत्र्यलढ्यातही होते आणि त्या प्रवासामागे डेरीच्या तुरुंगातील कैदी सोडवण्याचाही बेत होता. त्या अटकेचे पडसाद पुढचे कित्येक आठवडे सरहद्दीवर उमटत राहिले.

सरहद्द हा शब्द आता अल्स्टरच्या इतिहासात कायमचा आला. देशाची फाळणी झाली. प्रांतातल्या नऊ काउंट्यांपैकी अँट्रिम, आर्मा, डाउन, डेरी, टायरोन आणि फर्मानाघ या सहा उत्तर आयर्लंडमध्ये, ब्रिटिश अमलाखाली राहिल्या. कॅव्हन, मोनाहन आणि डोनेगल या तीन नव्या आयरिश राज्यात गेल्या. कायदे, चलन, पोलीस, शाळा, टपाल, सारे वेगळे झाले. अल्स्टर परिषदेने मात्र नऊ काउंट्या नऊच ठेवल्या. दरवर्षी तीच सोडत निघाली, तेच शेजारी एकमेकांशी भिडले. या परिषदेची सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असे विचारले तर मी कोणत्याही विजेतेपदाच्या आधी हिचे नाव घेईन.

१९२५ मध्ये कॅव्हनच्या 'अँग्लो-सेल्ट' या वृत्तपत्राचे जॉन ओ'हॅनलन यांनी प्रांतविजेत्यासाठी चषक दिला. पहिल्या वर्षी तो कॅव्हननेच उचलला. नकाशावर सरहद्दीची रेघ ओढल्यावर तीन-चार वर्षांतच नऊही काउंट्यांना एक सामाईक वस्तू मिळाली. ती कधी रेघेच्या या बाजूला, तर कधी त्या बाजूला मुक्कामाला जाऊ लागली.

१९३० आणि १९४० ची दशके : कॅव्हनचे युग

१९३१ ते १९४५ या पंधरा वर्षांत एक १९३८ सोडले तर प्रत्येक वर्षी चषक कॅव्हनकडे गेला. १९३३ मध्ये त्यांनी आपल्या ब्रेफ्नी पार्कवर केरीला उपांत्य सामन्यात रोखले. सलग चार वर्षे अजिंक्य राहिलेल्या केरीची पाचव्यांदा जिंकण्याची इच्छा तिथे संपली. पुढे गॉलवेला हरवून कॅव्हन अखिल आयर्लंड जिंकणारी अल्स्टरची पहिली काउंटी ठरली.

१९४७ चा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला. १८४७ च्या भीषण दुष्काळाला शंभर वर्षे झाली होती आणि त्या दुष्काळात देशोधडीला लागलेल्यांची नातवंडे-पतवंडे अमेरिकेत होती. कॅव्हनने केरीला २-११ विरुद्ध २-७ असे हरवले. रेडिओवरून वर्णन करणाऱ्या मिहाल ओ'हेहिर यांनी ध्वनिवाहिनीची ठरलेली वेळ संपत आल्यावर आणखी काही मिनिटे जोडणी तोडू नका, अशी चालू प्रसारणातच विनवणी केली आणि ती मानली गेली. कर्णधार जॉन जो ओ'रायली यांचे नाव कॅव्हनमध्ये आजही आदराने घेतले जाते.

याच काळात, १९४४ मध्ये, मोनाहन काउंटीतील क्लोन्स येथे सेंट टिअरनाख पार्क सुरू झाले. क्लोन्स हे टेकडीवरचे, जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव; पण रेल्वेचे मोठे जंक्शन. कॅव्हन, एनिस्किलन, आर्मा आणि डंडॉक अशा चारही दिशांचे फाटे तिथे मिळत. सरहद्द तर हाकेच्या अंतरावर. प्रांताच्या सर्व कोपऱ्यांतून माणसे आणायची तर याहून सोयीची जागा नव्हती. १९५७ मध्ये प्रवासी रेल्वे बंद झाली, तरी क्लोन्सचे अंतिम सामन्याशी असलेले नाते टिकून राहिले.

१९५० आणि १९६० ची दशके : नवे विजेते

१९५१ मध्ये अँट्रिमने, १९५३ मध्ये आर्माने चषक जिंकला. १९५३ मध्येच बेलफास्टला केसमेंट पार्क खुले झाले. वर्गणी काढून, श्रमदान करून उभारलेले ते मैदान म्हणजे शहरातील गेलिक समाजाचे घरच होते.

त्यानंतरचा काळ मला या साऱ्या इतिहासात सर्वांत आनंददायी वाटतो. टायरोनने १९५६ मध्ये, डेरीने १९५८ मध्ये, डाउनने १९५९ मध्ये आणि पुढे डोनेगलने १९७२ मध्ये पहिल्यांदा प्रांत जिंकला. सोळा वर्षांत चार नवे विजेते! १९४७ च्या शिक्षण कायद्यामुळे उत्तरेतील शेतकरी-कामगारांची मुले माध्यमिक शाळांत पोचली होती. तिथे मॅकरोरी चषकासाठी खेळून तयार झालेली पिढी काउंटीच्या संघांत आली, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. दुसरे कारण रचनेत होते. कॅव्हनला हरवता येते, हे शेजाऱ्यांना कळायला कॅव्हनशी दरवर्षी गाठ पडावी लागते. प्रांतिक स्पर्धेने ती गाठ घालून दिली.

डाउन तिथेच थांबले नाही. १९६० मध्ये केरीला २-१० विरुद्ध ०-८ असे हरवून त्यांनी अखिल आयर्लंड विजेत्याला मिळणारा सॅम मॅग्वायर चषक प्रथमच सरहद्दीपार उत्तरेत नेला. १९६१ मध्ये डाउन विरुद्ध ऑफली या अंतिम सामन्याला ९०,५५६ प्रेक्षक होते. हा विक्रम आजही अबाधित आहे आणि क्रोक पार्कची सध्याची क्षमता पाहता तो मोडणारही नाही. १९६८ मध्ये डाउन तिसऱ्यांदा विजेते झाले.

१९७० आणि १९८० ची दशके : कसोटीचा काळ

उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षाची ही वर्षे. केसमेंट पार्कवर काही काळ लष्कराचा तळ पडला. आर्मा काउंटीतील क्रॉसमॅग्लेनच्या मैदानाला लागूनच लष्करी ठाणे उभे राहिले आणि क्लबच्या जागेचा काही भाग त्यात गेला. सरहद्दीवरील अनेक लहान रस्ते लष्कराने खड्डे पाडून बंद केले. क्लोन्सच्या आसपास ही संख्या मोठी होती. पाच मिनिटांवरच्या गावातून सामन्याला येणाऱ्यांना लांबचा वळसा घालून, तपासणी नाक्यांवर थांबत यावे लागे. १९८८ मध्ये आपल्या क्लबच्या मैदानाकडे निघालेला एक तरुण ऑनाक्लॉय येथील नाक्यावरील सैनिकाच्या गोळीने मेला. क्लबांचे अनेक पदाधिकारी आणि सभासद त्या काळात बळी पडले. सर्व बाजूंच्या कुटुंबांनी खूप सोसले.

तरीही वेळापत्रक टिकले. मुलांचे सराव चालू राहिले, बसगाड्या निघाल्या, अंतिम सामना झाला. १९६९ ते १९९० या काळात अल्स्टरची एकही काउंटी राष्ट्रीय विजेती झाली नाही. आर्मा १९७७ मध्ये आणि टायरोन १९८६ मध्ये अंतिम सामन्यात हरले. म्हणजे तब्बल बावीस वर्षे अल्स्टरच्या उन्हाळ्याला अर्थ दिला तो प्रांताच्या चषकानेच. मोनाहनने १९७९ मध्ये एकेचाळीस वर्षांनी तो मिळवला, तेव्हा १९३८ चा विजय पाहिलेली माणसे प्रेक्षकांत होती.

१९९० चे दशक : चार वर्षे, चार विजय

मग बांध फुटला. १९९१ मध्ये डाउन, १९९२ मध्ये डोनेगल, १९९३ मध्ये डेरी आणि १९९४ मध्ये पुन्हा डाउन : चार वर्षे सॅम मॅग्वायर चषक अल्स्टरमध्येच राहिला. डोनेगल आणि डेरी यांचे हे पहिलेच राष्ट्रीय विजय होते.

त्या काळी प्रांतात एक पराभव म्हणजे वर्ष संपले. १९९३ चा अल्स्टर अंतिम सामना धुवांधार पावसात झाला. क्लोन्सच्या मैदानात पाणी साचले होते, चेंडू उसळतच नव्हता. डेरीने गतविजेत्या डोनेगलला ०-८ विरुद्ध ०-६ असे हरवले. दोन गुणांच्या फरकाने एका काउंटीचे राज्य गेले आणि दुसरीचे आले. पुढच्या वर्षी डेरीच्या सेल्टिक पार्कवर पहिल्याच फेरीत डाउनने डेरीला बाहेर काढले. अल्स्टरमधून तावूनसुलाखून निघालेला संघ क्रोक पार्कवर कोणालाही घाबरत नसे, याचे रहस्य या सामन्यांत आहे.

इतर प्रांतांतही याच दशकाने प्रांतिक चषकाचे मोल दाखवून दिले. १९९२ मध्ये क्लेअरने १९१७ नंतर प्रथमच मन्स्टर जिंकले. आज रात्री क्लेअरमध्ये एकाही गाईचे दूध काढले जाणार नाही, असे समालोचक मार्टी मॉरिसी म्हणाले ते उगीच नाही. १९९४ मध्ये चिमुकल्या लीट्रिमने सदुसष्ट वर्षांनी कॉनॉट जिंकले, तेव्हा कर्णधार डेक्लन डार्सीबरोबर चषक धरायला १९२७ च्या संघातील वयोवृद्ध टॉम गॅनन उभे होते. क्लेअर किंवा लीट्रिम त्या वर्षी राष्ट्रीय विजेते झाले नाहीत. पण त्या काउंट्यांतल्या लोकांना ती वर्षे तोंडपाठ आहेत.

२००० चे दशक : मागचे दार उघडले

२००१ पासून प्रांतात हरलेल्या संघांना पात्रता फेऱ्यांतून पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत येता येऊ लागले. या बदलावर बरीच चर्चा झाली. २००२ मध्ये आर्माने आणि २००३ मध्ये टायरोनने आपापले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २००३ चा अंतिम सामना या दोघांतच झाला. एकाच प्रांताचे दोन संघ अंतिम फेरीत येण्याची ती पहिलीच वेळ. प्रेक्षक इतके वाढले की २००४ चा अल्स्टर अंतिम सामना डब्लिनला, क्रोक पार्कवर न्यावा लागला आणि त्याला सदुसष्ट हजारांहून अधिक लोक आले. २००१ मध्येच उत्तरेतील पोलीस व सैनिकांना सभासदत्व नाकारणारा जुना नियम रद्द झाला. शांतता प्रक्रियेतील ते महत्त्वाचे पाऊल होते.

२०१० आणि २०२० ची दशके : आजचे कार्य

जिम मॅकगिनेस यांच्या मार्गदर्शनाखाली डोनेगलने २०११, २०१२ आणि २०१४ मध्ये प्रांत आणि २०१२ मध्ये देश जिंकला. २०२० मध्ये महामारीमुळे स्पर्धा पुन्हा सरळ बाद पद्धतीने, रिकाम्या मैदानांवर झाली. २२ नोव्हेंबरला कॅव्हनने डोनेगलला हरवून १९९७ नंतर प्रथमच चषक मिळवला आणि त्याच दिवशी टिपरेरीने मन्स्टर जिंकले. त्या वर्षीचे चार प्रांतविजेते होते डब्लिन, मेयो, कॅव्हन आणि टिपरेरी. १९२० मध्येही हेच चौघे होते. क्रोक पार्कच्या गोळीबाराची शताब्दी नेमकी आदल्या दिवशी झाली होती.

२०२१ च्या ऑक्टोबरमधील विशेष अधिवेशनात लीगवर आधारित नवी स्पर्धा आणून प्रांतिक स्पर्धा वसंतात हलवण्याचा प्रस्ताव आला. त्याला ५०.६ टक्के मते पडली. आवश्यक होती ६० टक्के. काउंट्यांची प्रांतांत फेरवाटणी करणारा दुसरा प्रस्तावही नामंजूर झाला. प्रस्ताव मांडणाऱ्यांची तळमळ खरी होती : लीन्स्टरमध्ये डब्लिनने २०११ ते २०२४ अशी सलग चौदा वर्षे जिंकली आणि तिथली चुरस हरवली. पण २०२५ मध्ये मीथने डब्लिनला हरवले आणि अंतिम सामन्यात मीथला नमवून लाउथने १९५७ नंतर प्रथम चषक घेतला. अडुसष्ट वर्षे थांबलेल्या काउंटीपुढे ही स्पर्धा निरुपयोगी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

अल्स्टरमध्ये अलीकडे चुरशीचा प्रश्न आलाच नाही. २०२३ चा अंतिम सामना डेरीने आर्माविरुद्ध पेनल्टींवर जिंकला, २०२४ चा डोनेगलने आर्माविरुद्ध पेनल्टींवर, २०२५ चा पुन्हा डोनेगलने आर्माविरुद्ध जादा वेळेत, २-२३ विरुद्ध ०-२८. यांपैकी २०२४ मध्ये आर्माने अखिल आयर्लंड जिंकले. प्रांताचा चषक मात्र २००८ नंतर २०२५ पर्यंत त्यांच्याकडे आलेला नव्हता. २०२३ पासूनच्या रचनेत प्रांतांच्या अंतिम सामन्यातील आठही संघांना सोळा संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट स्थान मिळू लागले, त्यामुळे उपांत्य सामन्यांनाही वेगळे वजन आले.

परिषदेचे काम या काही रविवारांपुरते नाही. प्राथमिक शाळांत प्रशिक्षक पाठवणे, पंच घडवणे, क्लबांची प्रांतिक स्पर्धा भरवणे, वर्षारंभी मॅकेना चषक खेळवणे आणि तिकिटांच्या उत्पन्नातून मैदानांना साहाय्य देणे, हे वर्षभर चालते. यातील बहुतेक भार आजही विनावेतन काम करणारे स्वयंसेवक उचलतात. त्यात महिलांचा वाटा मोठा आहे.

दोन कामे बाकी आहेत. फर्मानाघने अद्याप अल्स्टर जिंकलेले नाही. वेगवेगळ्या पिढ्यांत ते अंतिम सामन्यापर्यंत आले, २००८ मध्ये तर आर्माशी बरोबरी साधून फेरसामन्यात हरले. दुसरे काम केसमेंट पार्कचे. २०१३ पासून ते मैदान बंद आहे आणि पुनर्बांधणी रखडली आहे. ते पुन्हा उभे राहावे आणि अँग्लो-सेल्ट चषकाचा अंतिम सामना बेलफास्टमध्ये व्हावा, यासाठी परिषदेचे आणि अँट्रिमच्या क्लबांचे प्रयत्न चालू आहेत.